अर्बुदरोधक जनुके आणि मराठी वाक्यरचना : अवटुग्रंथीच्या कर्करोगाच्या निमित्ताने परिभाषाविचार

परिभाषेविषयीचा मराठीतील वाद बहुधा शब्दापाशी सुरू होतो आणि शब्दापाशीच संपतो. प्रतिशब्द संस्कृतातून घडवावा, लोकांच्या बोलण्यातून उचलावा, की परभाषेतील शब्दच देवनागरीत लिहून मोकळे व्हावे, ह्या तीन पक्षांपलीकडे चर्चा सहसा जात नाही. वर्धा-नागपूरच्या परिसराने ह्या वादाची दोन्ही टोके जवळून पाहिली आहेत. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. रघुवीर नागपुरास राहून संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय ह्यांच्या बळावर सहस्रावधी शास्त्रीय संज्ञा घडवीत होते. आणि वर्ध्यास १९४२ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तानी प्रचार सभा लोकांच्या तोंडी असलेल्या सोप्या शब्दाचा पुरस्कार करीत होती. त्याही आधी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेने शिक्षणाचे माध्यम मातृभाषाच असावे असा ठराव केला होता. हे सर्व पक्ष परस्परांशी कितीही भांडले तरी एक गोष्ट त्या सर्वांना समान मान्य होती असे दिसते : योग्य शब्द सापडला की ज्ञान भाषेत उतरले. ह्या गृहीताची परीक्षा एखाद्या अगदी अलीकडील शास्त्रीय कल्पनेवर करून पाहणे उपयुक्त ठरेल. अर्बुदाची वाढ रोखणाऱ्या जनुकांची कल्पना ही तशी एक आहे, आणि अवटुग्रंथीच्या, म्हणजे ज्याला सर्वजण थायरॉइड म्हणतात त्या ग्रंथीच्या, कर्करोगात ती विशेष कसाला लागते.

विषय वर्ध्याला परका नाही. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये सुरू झाले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२० मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात लोकसंख्येवर आधारलेल्या २८ नोंदणींची माहिती आहे, आणि मुंबई, दिल्ली अशा महानगरांच्या पंक्तीत वर्धा जिल्हा तेथे बसलेला आढळतो. ज्या जिल्ह्यात कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवण्याचा प्रयत्न होतो, तेथे त्या रोगाविषयी मराठीत काय आणि कसे बोलले जाते हा प्रश्न केवळ कोशकारांचा राहत नाही.

प्रथम कल्पनेचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे, कारण नावाचा दोष त्या इतिहासातच दडलेला आहे. १९६९ मध्ये ऑक्सफर्ड येथील हेन्री हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या घातक पेशींचा घातकता नसलेल्या वा कमी असलेल्या पेशींशी संयोग घडवून आणला. संकरित पेशी घातक होईल अशी अनेकांची अपेक्षा होती. परंतु तिची घातकता दबलेली आढळली, आणि पुढे त्या पेशीतून काही गुणसूत्रे गळून गेल्यावर ती पुन्हा प्रकट झाली. दबणे हा शब्द येथे एका निरीक्षणाचे वर्णन करतो : कोणी दाबले हे त्यात सांगितलेले नाही. १९७१ मध्ये आल्फ्रेड नडसन ह्यांनी दृष्टिपटलाच्या बालवयातील अर्बुदाच्या ४८ रुग्णांच्या अभ्यासावरून असे अनुमान काढले की ह्या रोगास दोन आघात लागतात. आनुवंशिक प्रकारात पहिला आघात जन्मतःच झालेला असतो, दुसरा पुढे होतो; अनानुवंशिक प्रकारात दोन्ही नंतर होतात. ते जनुक १९८६ मध्ये प्रत्यक्ष हाती आले. ह्या वाटचालीत दबणे ह्या क्रियेवरून दाबणारा हा कर्ता केव्हा निर्माण झाला हे कोणाच्या लक्षातही आले नाही. भाववाचक नामाचे कर्तृवाचक नाम झाले आणि त्याबरोबर जनुकाला एक नेमून दिलेला धंदा प्राप्त झाला.

वस्तुस्थिती निराळी आहे. ह्या वर्गात मोडणारी जनुके आपापल्या पेशीत अगदी वेगवेगळी कामे करतात. टीपी५३ पासून बनणारे प्रथिन डीएनएची मोडतोड झाल्यास पेशीचे विभाजन थांबविते, आणि दुरुस्ती अशक्य असल्यास पेशीला मरणाच्या मार्गास लावते. पीटेनचे काम पेशीपटलातील एका विशिष्ट स्निग्ध रेणूवरील फॉस्फेट काढून घेण्याचे. त्यामुळे वाढीचा एक संदेश मंदावतो. एपीसी दुसऱ्या एका प्रथिनाची विल्हेवाट लावण्यास साहाय्य करते. डायसर-१ हे आरएनएचे लहान तुकडे कापते. ह्या चौघांत, काम पाहून, काहीही नाते दिसत नाही. नाते दिसते ते एवढेच की ह्यांपैकी एखादे नाहीसे झाले तर अर्बुदास वाव मिळतो. मराठी व्याकरणाच्या विद्यार्थ्याला असा वर्ग परिचित आहे. अव्यय ही संज्ञा अशीच अभावावर उभी आहे. ज्याचे रूप बदलत नाही ते अव्यय. मग त्या एका छपराखाली क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अशी चार कुळे राहतात, आणि 'अरेरे' व 'आणि' ह्यांच्यामध्ये न बदलण्यापलीकडे काही साम्य नसते. अव्ययाला न बदलण्याचे काम दिले आहे असे मात्र कोणी म्हणत नाही. अर्बुद दाबण्याचे काम जनुकाला दिले आहे असे मात्र सर्रास म्हटले जाते.

मराठीत ह्या संज्ञेसाठी जे पर्याय सहज सुचतात त्यांतील प्रत्येकाने हा दोष आपापल्या परीने वाढविला आहे. 'अर्बुददमनकारी' म्हणताच दडपशाही करणाऱ्या सत्तेचे चित्र उभे राहते. 'अर्बुदशामक' हे औषधाच्या बाटलीवरचे नाव वाटते, कारण शामक हा शब्द वैद्यकाने आधीच गुंगी आणणाऱ्या द्रव्यांसाठी खर्ची घातला आहे. 'अर्बुदरोधक' हे त्यातल्या त्यात सौम्य. जलरोधक कापड पाण्याला मुद्दाम विरोध करीत नाही, त्याच्या विणीमुळे पाणी आत शिरत नाही, एवढाच अर्थ तेथे असतो. प्रस्तुत विवेचनात हाच शब्द वापरला आहे. परंतु ह्या निवडीला फार महत्त्व देण्याचे कारण नाही. ण्वुल् प्रत्ययाचा हा 'क' जेथे जाईल तेथे कर्ता निर्माण करणार, आणि इंग्रजी संज्ञाही त्याच रोगाने पछाडलेली आहे.

नावाने वस्तूचे यथार्थ वर्णन केलेच पाहिजे असा आग्रह धरणेही चूक आहे. ज्या ग्रंथीचा येथे विचार चालू आहे तिची नावे ह्या दृष्टीने उद्बोधक आहेत. टॉमस व्हॉर्टनने १६५६ मध्ये तिला थायरॉइड म्हटले ते ढाल ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. ग्रंथी कशाचेही ढालीप्रमाणे रक्षण करीत नाही. मराठीने अवटु हा शब्द उचलला, आणि अमरकोशात अवटु म्हणजे मानेची मागची बाजू, घाटा आणि कृकाटिका ह्या शब्दांचा पर्याय! गळ्याच्या पुढील भागात असलेल्या ग्रंथीला मानेच्या मागल्या बाजूचे नाव मिळाले, आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. अर्बुद हा शब्द तर संख्यावाचकही आहे. सुश्रुताच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड ह्यांचा विचार एकाच अध्यायात येतो. तेथील अर्बुद आणि आजच्या शल्यचिकित्सकाचे अर्बुद ह्यांत पुष्कळ अंतर आहे, तरी शब्द चालतो. तेव्हा नुसते नाव चुकीचे असणे ही मोठी आपत्ती नव्हे. ते नाव ज्या वाक्यात बसते त्या वाक्याने काय होते हे पाहिले पाहिजे.

वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही गावात 'तिले थायरॉइड हाय' हे वाक्य ऐकू येते. प्रमाण मराठीतही 'तिला थायरॉइड आहे' असेच म्हणतात. वाच्यार्थाने पाहता ह्या वाक्यात काहीच सांगितलेले नाही, कारण ग्रंथी सर्वांनाच आहे. पण ऐकणारा गोंधळत नाही. 'त्याला बीपी आहे', 'आईला शुगर आहे' ही वाक्ये त्याच साच्यातील. रक्ताचा दाब नसलेला मनुष्य जिवंत नसतो हे सर्वांना ठाऊक असते. म्हणूनच 'बीपी आहे' ह्याचा अर्थ दाब बिघडला आहे असा घेतला जातो. जे सर्वांजवळ असते त्याचे अस्तित्व मुद्दाम सांगितले की ऐकणारा त्यात काहीतरी विशेष शोधतो. 'त्याला डोके आहे' म्हणजे तो बुद्धिमान आहे. विशेष चांगले की वाईट हे रूढी ठरविते. विशेष आहे एवढे मात्र रचनाच सांगते.

हा साचा जेव्हा जनुकाला लावला जातो तेव्हा मात्र तो दगा देतो. 'तिच्यात कर्करोगाचे जनुक आहे' किंवा 'तपासणीत पीटेन जनुक सापडले' अशी वाक्ये बोलण्यात आणि वृत्तपत्री लेखनात सहज होतात. थायरॉइडच्या वाक्यात ऐकणाऱ्याला ग्रंथी सर्वांना असते हे आधीच माहीत असते, आणि त्या माहितीच्या आधारे तो वाक्य दुरुस्त करून घेतो. पीटेन सर्वांना असते, प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती असतात, हे त्याला माहीत नसते. त्यामुळे दुरुस्ती होत नाही आणि वाक्य अक्षरशः खरे मानले जाते : इतरांच्यात नसलेली एक वाईट वस्तू हिच्यात आहे. शिवाय येथे 'ला' जाऊन 'त' आलेला आहे. मराठीत नाते व व्याधी 'ला'ने सांगतात, जसे 'तिला दोन भाऊ आहेत', 'तिला ताप आहे'. पैसा, वस्तू 'जवळ' किंवा 'कडे' लावून सांगतात. आणि 'त्याच्यात धमक आहे', 'तिच्यात खोट आहे' ह्याप्रमाणे सप्तमी ही स्वभावातील गुणदोषांसाठी राखलेली आहे. ताप येतो आणि जातो. खोट मात्र माणसात मुरलेली असते. ज्या मुलीचे लग्न व्हावयाचे आहे तिच्याविषयी हे वाक्य गावात पसरले तर त्याचे परिणाम काय होतील हे विस्ताराने सांगावयास नको.

आता 'कर्करोगाचे' ह्या षष्ठीकडे वळू. पाणिनीने इतर कारकांत न बसणारे सर्व संबंध षष्ठीच्या पदरात टाकले, आणि मराठीतील चा-ची-चे त्या वारशाला जागले आहे. 'खोकल्याचे औषध' खोकला थांबविते, 'भांडणाचे कारण' भांडण लावते. 'कर्करोगाचे जनुक' ह्यातील संबंध कोणता? पीटेनच्या बाबतीत तो औषधासारखा आहे. ऐकणारा तो कारणासारखा घेतो. विभक्ती दोन्ही अर्थांना सारखीच मोकळीक देते, आणि रोगाच्या नावाची भीती अर्थाचे पारडे एका बाजूस झुकविते. इंग्रजीतही अमकीला अमुक जनुक 'आहे' असे बेफिकिरीने बोलतात, तेव्हा मराठीला एकटीलाच दोष देणे अन्यायाचे होईल. तथापि तेथे दोष मुख्यतः क्रियापदात आहे. मराठीत विभक्तीचे दोन प्रत्यय त्यात भर घालतात.

ह्यावर कोणी म्हणेल की हा सारा बारकावा वैयाकरणाचा छंद आहे, रुग्णाला त्याचे काय? त्याचे उत्तर अवटुग्रंथीच्या कर्करोगातच मिळते, कारण एकाच ग्रंथीत जनुकांचे दोन परस्परविरुद्ध व्यवहार येथे शेजारीशेजारी दिसतात.

ह्या ग्रंथीच्या कर्करोगांपैकी सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे अंकुरकी, ज्याला डॉक्टर पॅपिलरी म्हणतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत जनुकीय पाहणीत अशा ४९६ अर्बुदांचा अभ्यास झाला. त्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांत बीआरएएफ ह्या जनुकात बदल होता, आणि तो बहुधा एकच ठराविक बदल : प्रथिनातील सहाशेव्या स्थानी व्हॅलीनच्या जागी ग्लुटामिक आम्ल. ह्या एका अक्षराने वाढीचा संदेश कायमचा चालू राहतो. बैलाला टोचलेली पराणी तशीच रुतून बसावी तसे हे आहे. वेसण तुटलेली नाही. टीपी५३ सारख्या रोधक जनुकांतील बदल त्या ४९६ मध्ये अगदी थोड्या ठिकाणी आढळले. म्हणजे ज्याला हा सामान्य प्रकारचा रोग झाला आहे त्याच्या शरीरातील 'पहारेकरी झोपले' असे जे लोकप्रिय लेखनात सांगितले जाते ते ह्या ग्रंथीपुरते तरी बहुतांशी खोटे आहे.

उलट टोकाला अविभेदित प्रकार आहे. तो विरळा, परंतु अत्यंत घातक; निदानानंतर रुग्णाला बहुधा महिन्यांचेच आयुष्य लाभते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ह्या प्रकारच्या ३३ अर्बुदांपैकी ७३ टक्क्यांत टीपी५३ बिघडलेले आढळले, तर त्याहून कमी घातक अशा अल्पविभेदित प्रकाराच्या ८४ अर्बुदांत ते प्रमाण केवळ ८ टक्के होते. बीआरएएफ किंवा रास जनुकातील बदल दोन्हींत होतेच. ह्यावरून क्रम सुचतो : पराणी आधी टोचली गेली, वेसण पुष्कळ नंतर तुटली, आणि ती तुटल्यावर रोगाचे स्वरूप पालटले. रोधक जनुकाचा ऱ्हास येथे रोगाचा उगम म्हणून दिसत नाही, त्याच्या शेवटच्या वळणावर दिसतो. 'अर्बुदरोधक' हे नाव ऐकून विद्यार्थी नेमकी उलट कल्पना करून घेतो, कारण जो रोखणारा आहे तो गेल्याशिवाय अर्बुद सुरूच कसे होईल, असे नाव त्याला सुचविते.

आनुवंशिक प्रकारांत हा भेद अधिक तीव्र होतो. ह्या ग्रंथीतील सी पेशींपासून होणारा मेड्युलरी कर्करोग काही घराण्यांत चालत येतो, आणि त्याचे कारण रेट हे जनुक असल्याचे १९९३ मध्ये सिद्ध झाले. येथे जनुकाची एकच प्रत बदललेली असली तरी पुरते, कारण बदललेली प्रत स्वतः काम करते, जास्तच करते. अशा घराण्यातील मुलांची ग्रंथी बालपणीच, रोग होण्यापूर्वी, काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. 'तिच्यात कर्करोगाचे जनुक आहे' हे वाक्य ह्या घराण्याविषयी उच्चारले तर ते ढोबळ असले तरी दिशा चुकवीत नाही. दुसरे घराणे कौडन विकाराचे. तेथे पीटेनची एक प्रत जन्मतः निकामी असते. स्तन, गर्भाशयाचे अंतःस्तर आणि अवटुग्रंथी ह्यांच्या कर्करोगाचा धोका त्यामुळे वाढतो, आणि हे १९९७ मध्ये निश्चित झाले. येथे ग्रंथी आधीच काढून टाकण्याची घाई सामान्यतः करीत नाहीत. ठराविक काळाने तपासणी करीत राहतात. दोन्ही घराण्यांना एकच मराठी वाक्य ऐकविले तर एकाला त्याच्या मुलाच्या शस्त्रक्रियेची निकड का आहे हे कळणार नाही, आणि दुसरे विनाकारण शस्त्रक्रियेचा आग्रह धरील. बारकावा येथे छंद उरत नाही.

मग हे मराठीत सांगावे कसे? ह्या बाबतीत एक साधन भाषेच्या अभ्यासकांच्या घरचेच आहे. जनुकाच्या दोन 'प्रती' असे म्हणताच पोथ्यांची आठवण होते, आणि ही उपमा वेसण-पराणीपेक्षा पुष्कळ दूरवर पोचते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे स्थान. लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाल्यावर ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली गेली असे परंपरा सांगते, आणि त्यामुळे त्या ग्रंथाचे अनेक पाठ उपलब्ध आहेत. संपादकाजवळ एका ग्रंथाच्या दोनच पोथ्या आहेत असे समजू. एकीत एक पान गळाले असेल तर दुसरीवरून तो भाग वाचता येतो. दुसरीतूनही तेच पान गेले तर तो भाग संपला. नडसनचे दोन आघात ते हेच. आणि ज्या घराण्यात एक पोथी जन्मतःच खंडित मिळते तेथे दुसरीला जपणे अधिक आवश्यक का, हेही ह्यावरून आपोआप स्पष्ट होते. रेट किंवा बीआरएएफ ह्यांची गोष्ट वेगळी. तेथे पान गळालेले नाही. लेखनिकाच्या हातून 'न करावे' मधील 'न' सुटला आहे. ती पोथी पूर्णपणे वाचता येते आणि चुकीची आज्ञा देते. दुसरी शुद्ध पोथी शेजारी असली तरी त्या आज्ञेची अंमलबजावणी थांबत नाही.

टीपी५३ चा इतिहास ह्या उपमेला अनपेक्षित पुष्टी देतो. हे प्रथिन १९७९ मध्ये सापडले आणि जवळजवळ दहा वर्षे ते कर्करोग घडविणारे मानले गेले. १९८९ च्या सुमारास उलगडा झाला की प्रयोगशाळांतून जी प्रत फिरत होती तीच बदललेली होती. अशुद्ध पोथीवरून ग्रंथकाराचे मत ठरविले गेले होते. पाठचिकित्सेची शिस्त ज्याला ठाऊक आहे अशा वाचकाला ह्या प्रसंगाचे नवल वाटणार नाही.

उपमेच्या मर्यादा अर्थातच आहेत. पीटेनची एक प्रत शाबूत असूनही काही पेशींत काम अपुरे पडते. अर्धी मात्रा म्हणजे पूर्ण काम नव्हे. टीपी५३ ची काही बदललेली रूपे शुद्ध प्रतीपासून बनलेल्या प्रथिनालाही निकामी करतात, म्हणजे येथे खंडित पोथी शेजारच्या पोथीलाही वाळवी लावते. काही वेळा पान गळालेले नसते, नुसते चिकटलेले असते. मजकूर तसाच असून तो उघडता येत नाही. डीएनएवर मेथिल गट बसल्याने जनुक मूक होते त्याचे हे वर्णन होय, आणि अवटुग्रंथीच्या अर्बुदांत रॅसएफ१ए ह्या जनुकाच्या बाबतीत हा प्रकार आढळला आहे. एवढे ताणूनही उपमा तुटत नाही. वेसणीची उपमा पहिल्या पावलालाच तुटते, कारण अर्धी वेसण ही कल्पनाच निरर्थक आहे.

वाक्याचा प्रश्न सुटला म्हणून नावाचा प्रश्न नगण्य ठरतो असे मात्र नाही, आणि ह्याच ग्रंथीने त्याचाही पुरावा दिला आहे. पॅपिलरी कर्करोगाचा एक उपप्रकार आवरणाने वेढलेला असतो आणि आजूबाजूच्या ऊतकांत शिरत नाही. २०१६ मध्ये विकृतिशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अशा १०९ रुग्णांची १० ते २६ वर्षांची हकिकत तपासली; सर्व रुग्ण जिवंत होते आणि एकातही रोग उलटलेला नव्हता. तेव्हा गटाने त्या उपप्रकाराच्या नावातून कर्करोग हा शब्दच काढून टाकला आणि एक लांबलचक, शब्दबंबाळ, परंतु निरुपद्रवी नाव दिले. पेशी त्याच राहिल्या. रुग्णाला संपूर्ण ग्रंथी काढण्यास व किरणोत्सारी आयोडीन घेण्यास लावणारा शब्द तेवढा गेला. पुढे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ह्या अर्बुदाला घातक वर्गातून काढून अनिश्चित वर्तनाच्या वर्गात घालण्यात आले. म्हणजे घातक अर्बुदे मोजणाऱ्या नोंदवहीतून, मग ती मुंबईची असो वा वर्ध्याची, ते बाहेर पडले. एका संज्ञेच्या बदलाने जिल्ह्याचा आकडा बदलू शकतो. दक्षिण कोरियात १९९९ पासून कर्करोगाच्या तपासणीची जी मोहीम चालली तिच्या जोडीने गळ्याची ध्वनिलहरींनी तपासणीही सर्रास होऊ लागली. परिणामी २०११ मधील अवटुग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले, आणि त्या रोगाने होणारे मृत्यू मात्र होते तितकेच राहिले. इतक्या माणसांना कर्करोग हा शब्द ऐकावा लागला. बहुतेकांना ऐकण्याचे कारण नव्हते.

येथे बोलीकडे पुन्हा पाहण्यासारखे आहे. गावची बाई दवाखान्यात येऊन 'गळ्याला गाठ आली' म्हणते. गाठ हा शब्द साध्या आणि घातक दोन्ही वाढींना चालतो, आणि निर्णय लागेपर्यंत तो कोणतीही बाजू घेत नाही. आंतरराष्ट्रीय गटाला जी तटस्थता मिळविण्यासाठी एवढे लांब नाव बनवावे लागले ती ह्या दोन अक्षरांत तयार आहे. अर्बुद ह्या शब्दाला शास्त्रीय लेखनात पर्याय नाही हे खरे. परंतु रुग्णाला द्यावयाच्या कागदावर गाठ लिहावयास संकोचण्याचे कारण नाही.

तो कागद हाच ह्या विवेचनाचा शेवटचा विषय. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात सहभागी होणाऱ्यास माहितीपत्रक त्याला समजेल अशा भाषेत दिले गेले पाहिजे. जनुकीय तपासणीचे असे पत्रक मराठीत लिहिताना लेखक बहुधा सर्व वेळ प्रतिशब्द शोधण्यात घालवितो आणि 'आपल्यात पीटेन जनुक आढळल्यास' असे लिहून टाकतो. वरील विचार मान्य असेल तर ते वाक्य पुढीलप्रमाणे लिहावे लागेल : 'पीटेन नावाचे जनुक प्रत्येक माणसात असते आणि त्याच्या दोन प्रती असतात. आपल्या दोन प्रतींपैकी एक जन्मापासून बिघडलेली आहे का, हे ह्या तपासणीत पाहिले जाईल. ती बिघडलेली आढळली तरी आपल्याला कर्करोग झाला आहे असा त्याचा अर्थ नाही.' वाक्ये तीन झाली, आणि एका वाक्यातच आटोपण्याची सवय झालेल्या लेखणीला ती पाल्हाळ वाटतील. पण ह्यात 'आढळणे' ह्या क्रियापदाचा कर्ता जनुक राहिलेला नाही, बिघाड झाला आहे. 'कर्करोगाचे' ही षष्ठी कोठेही आलेली नाही. सप्तमी प्रत्येक माणसाला लागली आहे, एकटीला नाही. 'अर्बुदरोधक' हा शब्द तर ह्या तिन्ही वाक्यांत आलेलाच नाही, आणि त्यावाचून काही अडलेही नाही.